एकाच घरातली दोन भावंडं: एक भारतीय, एक नाही

मांद्र्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. "माझी ताई भारतीय पासपोर्टवाली. तिने 2019 साली एका इंग्रज माणसाशी लग्न केलं, सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, दुसरी सही, सगळं रीतसर. भावोजी इंग्लंडातच जन्मलेले. ते शेवटचे जानेवारी 2020 मध्ये ई-टुरिस्ट व्हिसावर आले आणि टाळेबंदीत इथेच राहिले. त्यांची सहा महिन्यांची मुदत जुलै 2020 मध्ये संपली. त्यानंतर त्यांनी काहीच केलेलं नाही. भाचा ऑगस्ट 2021 चा, भाची फेब्रुवारी 2023 ची, दोघंही म्हापशाच्या आझिलो इस्पितळात जन्मली. पालिकेचे जन्मदाखले आहेत. आता पासपोर्टसाठी अर्ज केला तर वडिलांचा व्हिसा मागताहेत. मुलं गोव्यात जन्मली, आई गोव्याची, मग वडिलांच्या व्हिसाशी काय संबंध? आणि भावोजींना पकडून नेतील का? परत येऊ देतील का?"

संबंध आहे, आणि तो थेट मुलांच्या नागरिकत्वाशी आहे. तुम्ही दिलेल्या तारखा बरोबर असतील तर भाचा जन्माने भारतीय नागरिक आहे असं मी कुठल्याही कार्यालयात ठामपणे मांडीन. भाचीबद्दल तसं मांडता येणार नाही. आई तीच, बाप तोच, इस्पितळही तेच. फरक आहे तो जन्माच्या दिवशी बापाच्या कागदांची काय स्थिती होती याचा.

नागरिकत्व कायदा 1955 सालचा. त्याच्या कलम 3 मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे तीन काळ पडतात. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत जो भारताच्या भूमीवर जन्मला तो भारतीय, आईबाप कुणीही असोत. त्यामुळे हणजुण्याला सत्तरच्या दशकात आलेल्या हिप्पींची जी मुलं इथे जन्मली, ती व्हिसा-बिसा न बघता कायद्याने भारतीय नागरिक म्हणूनच जन्मली. त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसेल. 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा अशी अट आली. आणि 3 डिसेंबर 2004 पासून आजचा नियम लागू झाला: एक तर दोघंही भारतीय नागरिक हवेत, नाहीतर एक भारतीय हवा आणि दुसरा, मूल जन्मलं त्या वेळी, "अवैध स्थलांतरित" नको.

अवैध स्थलांतरित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रात्री सीमा ओलांडून आलेला माणूस येतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही तोच होता. 1986 ची दुरुस्ती (1987 पासून लागू) आणि 2003 ची (2004 पासून लागू), दोन्हींमागे आसाम होता. पण व्याख्येत दोन प्रकारचे लोक बसवले आहेत. वैध पासपोर्ट नसताना आत आलेला हा एक. आणि वैध कागदांवर आला, पण दिलेल्या मुदतीपलीकडे राहिला, हा दुसरा. म्हणजे दाबोळीला विमानातून उतरून हसत शिक्का मारून घेतलेला आणि मग मोरजीला मुदत विसरून राहिलेला पर्यटकही त्याच शब्दात मोडतो. मला हे न्यायाचं वाटत नाही. चूक बापाची, नागरिकत्व गेलं पोराचं, आणि आई भारतीय असून तिच्या नागरिकत्वाला या हिशेबात काही वजनच नाही. पण कायदा आहे तो असा आहे, आणि पासपोर्ट कार्यालयातला माणूस तोच वाचून तुमच्याकडे व्हिसा मागतोय. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

आता भाच्याचं. तुम्ही लिहिता मुदत जुलै 2020 मध्ये संपली. वरवर बघितलं तर ऑगस्ट 2021 ला भावोजी वर्षभर मुदतबाह्य होते आणि भाच्याचंही नागरिकत्व गेलं. पण करोनाच्या काळात केंद्रीय गृह मंत्रालयाने एक सवलत दिली होती ती बहुतेक लोक विसरून गेलेत. मार्च 2020 च्या आधी वैध व्हिसावर भारतात आलेले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकलेले जे परदेशी होते, त्यांचा व्हिसा किंवा मुक्कामाची मुदत वैध आहे असंच मानलं जाईल, वेगळा अर्ज नको, फी नको, दंड नको, असे ते आदेश होते. ही सवलत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जून 2021 च्या आदेशाने ती 31 ऑगस्ट 2021 पर्यंत होती, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ती शेवटची वाढवून 30 सप्टेंबर 2021 केली. भावोजी जानेवारी 2020 मध्ये आले. म्हणजे भाचा जन्मला त्या दिवशी त्यांचं इथलं राहणं सरकारच्याच आदेशाने वैध होतं. बाप अवैध स्थलांतरित नव्हता, आई भारतीय होती, म्हणून मुलगा कलम 3 प्रमाणे भारतीय.

समोरचा अधिकारी यावर काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल की सवलत "अडकलेल्या" परदेशींसाठी होती, तुमचे भावोजी कुठे अडकले होते, ते तर बायकोजवळ आरामात राहत होते. या आक्षेपाला उत्तर आहे. मुदत संपली तेव्हा नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती ही कुणालाही नाकारता न येणारी गोष्ट आहे, आणि आदेशात अर्ज करायची अटच नव्हती. पण परतीचं तिकीट रद्द झाल्याचा ईमेल, विमान कंपनीचा परतावा, वकिलातीशी झालेला पत्रव्यवहार, असं काही त्या वेळचं हाताला लागलं तर ते सोन्यासारखं जपा. ताईला जुना ईमेल चाळायला बसवा.

भाच्याच्या पासपोर्टच्या फाइलला नुसता जन्मदाखला आणि आधार जोडून पाठवलंत म्हणून ती अडली. आता वडिलांच्या पासपोर्टची शिक्क्याची पानं, ई-व्हिसाची प्रत, गृह मंत्रालयाच्या आदेशांच्या प्रती आणि एक-दीड पानाचं लेखी निवेदन असं पुन्हा द्या. निवेदनात भावना नकोत, तारखा हव्यात. तरीही नाही म्हणाले तर तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, लेखी कारण मागा. पासपोर्ट कायद्यात अर्जदार नागरिक नसेल तर नकार देता येतो, पण तो नकार लेखी कारणांसह यावा लागतो आणि त्यावर कलम 11 खाली अपील करता येतं. त्यानंतरचा रस्ता पर्वरीला, उच्च न्यायालयात. माझ्या अंदाजाने भाच्याची बाजू तिथपर्यंत जायची वेळ आली तरी टिकेल.

आणि एक गोष्ट करू नका, जी आत्ता तुमच्या घरात कुणीतरी सुचवतच असेल: दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट एकदम काढून टाकू या. भावोजी इंग्लंडात जन्मलेले ब्रिटिश नागरिक असल्यामुळे त्यांची बाहेर जन्मलेली मुलं तिथल्या कायद्याने आपोआप ब्रिटिश ठरतात. त्यासाठी अर्ज लागत नाही. पण पासपोर्ट हातात घेणं ही वेगळी कृती आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा पुरावा आहे असा आपल्या नियमांचा रोख आहे. अजाण मुलाने "स्वेच्छेने" काय घेतलं, हा वाद घालता येतो, पण स्वतःहून त्या वादात उडी घेण्याचं कारण नाही. भाच्याला भारतीय ठेवायचं असेल तर त्याचा ब्रिटिश पासपोर्ट काढायचा नाही. इंग्लंडातल्या आजी-आजोबांना भेटायला तो भारतीय पासपोर्टवर जाईल.

भाचीचं नेमकं उलट आहे. तिचा ब्रिटिश पासपोर्ट लवकरात लवकर काढायचा.

ती फेब्रुवारी 2023 मध्ये जन्मली. करोनाची सवलत 30 सप्टेंबर 2021 ला संपली होती आणि त्यानंतर भावोजींनी ना मुदत वाढवली ना देश सोडला. जन्माच्या दिवशी ते कायद्याच्या भाषेत अवैध स्थलांतरितच होते. आता दंड भरला, उद्या व्हिसा नियमित करून घेतला, तरी फेब्रुवारी 2023 मधली स्थिती बदलत नाही, कारण कायदा "जन्माच्या वेळी" असं म्हणतो. "दंड भरा, सगळं साफ होतं" असं सांगणारे एजंट म्हापशाच्या बाजारात भरपूर आहेत. दंड भरून भावोजींचा गुन्हा कदाचित साफ होईल. भाचीचं नागरिकत्व त्याने येत नाही.

जन्मदाखल्यानेही येत नाही. पालिका जन्माची नोंद करते. मूल कुठे, कधी, कुणाला झालं एवढंच तो कागद सांगतो, आणि कुठल्याही देशाच्या माणसाचं मूल इथे जन्मलं तरी नोंद होतेच, व्हायलाच हवी. 2023 च्या दुरुस्तीनंतर, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून दाखल्याचं वजन खूप वाढलं. त्यावरून लोकांचा समज झालाय की दाखला म्हणजे नागरिकत्व. आधारचंही तेच, आधार रहिवासाशी बांधलेला आहे, नागरिकत्वाशी नाही.

एजंटांचा दुसरा आवडता तोडगा म्हणजे वडिलांचं नाव गाळून "सिंगल मदर" म्हणून अर्ज करणे. 2016 च्या शेवटी पासपोर्टचे नियम सैल झाले आणि एकाच पालकाचं नाव देऊन अर्ज करता येऊ लागला. ही सोय एकट्या आयांसाठी आहे आणि चांगली आहे. पण ताईचा नवरा घरात आहे, दाखल्यावर त्याचं नाव आहे, लग्न नोंदलेलं आहे. अशा वेळी नाव गाळणं म्हणजे महत्त्वाची माहिती लपवणं. तो पासपोर्ट मिळालाच तर पुढे केव्हाही जप्त होऊ शकतो, आणि खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. तो गुन्हा लहानग्या पोरीवर नाही, सही करणाऱ्या ताईवर लागेल. आज या प्रकरणात ताईवर काहीच नाही. तिला त्यात ओढू नका.

मग भाची कोण? ती जन्मापासून ब्रिटिश नागरिक आहे, फक्त तसा कागद तिच्याकडे नाही. आणि भारताच्या दृष्टीने ती पासपोर्ट-व्हिसा नसलेली परदेशी बालिका आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण यातली चांगली बाजू अशी की ती देशविहीन नाही. बाप अशा देशाचा असता जिथे बाहेर जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळत नाही, तर पोर दोन्हीकडून लटकली असती. देशविहीनतेबद्दलच्या 1954 आणि 1961 च्या दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांवर भारताची सही नाही. भावोजी स्वतः इंग्लंडबाहेर जन्मून वंशाने ब्रिटिश झालेले असते, तरी हा रस्ता इतका सरळ राहिला नसता. म्हणून तुम्ही "इंग्लंडातच जन्मलेले" असं लिहिलंत ते महत्त्वाचं आहे.

ब्रिटिश पासपोर्ट आला की ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशींची नोंदणी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर भाचीचा अर्ज करायचा. जन्म इथला असल्यामुळे तिच्या पासपोर्टवर भारतात शिरल्याचा शिक्का नसेल, त्यामुळे एफआरआरओची परवानगी घेतल्याशिवाय तिला विमानतळावरून बाहेरही पडता येणार नाही. ताई मुलीला घेऊन आधी लंडनला जाईल, बाकीचं मागाहून बघू, असा बेत असेल तर तो इमिग्रेशनच्या खिडकीवर मोडेल.

त्यानंतर ओसीआय, म्हणजे "ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया" हा परदेशी नागरिकाला मिळणारा दर्जा. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7-अ मध्ये अल्पवयीन मुलासाठी स्पष्ट तरतूद आहे: आईबापांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलाला ओसीआय म्हणून नोंदता येतं. भाचीसाठी मी हाच रस्ता धरीन. ओसीआय मिळालं की ती आयुष्यभर इथे राहू शकते, शिकू शकते, बँकेत खातं उघडू शकते, एफआरआरओत खेपा घालाव्या लागत नाहीत.

पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि यातला फरक ताईला आजच सांगून ठेवा. भाचीला मत नाही. सरकारी नोकरी नाही. शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येणार नाही, आईची वारशाने आली तर वेगळं. आणि शिक्षणाचा मुद्दा लोकांना दहावी-बारावीला पोचल्यावर कळतो: 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने वैद्यकीय वगैरे प्रवेश परीक्षांसाठी ओसीआयधारकांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीला नेऊन बसवलं. फक्त भारतीय नागरिकांसाठी ठेवलेल्या जागांवर त्यांना हक्क नाही. तिच्या भावाला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जी जागा मागता येईल ती तिला मागता येणार नाही.

हे नको असेल तर कलम 5(4) आहे. "विशेष परिस्थिती" आहे असं केंद्र सरकारला पटलं तर कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंद करता येते. सख्खा भाऊ भारतीय, आई भारतीय, जन्म आणि सगळं आयुष्य मांद्र्यात, यापेक्षा विशेष परिस्थिती ती काय असते असं मी तरी लिहीन. कलम 5(1)(ड) मात्र सरकार दोन्ही पालक भारतीय असलेल्या मुलांपुरतंच वाचतं, म्हणून त्यात शिरू नका. कुणी सांगेल की दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये, भारतातच जन्मलेलं मूल कुठून "आत आलेलं" नसतं म्हणून ते स्वतः अवैध स्थलांतरित ठरत नाही, असं म्हटलंय. म्हटलंय, आणि तर्क मला पटतो. पण केंद्र सरकारने त्याविरुद्ध अपील केलं, तेव्हा त्या एका निकालाच्या भरवशावर राहू नका. शिवाय 5(4) हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्य सरकार आणि तिथून दिल्लीला जातो. उत्तर यायला किती काळ जाईल ते सांगता येत नाही. म्हणून आधी पासपोर्ट आणि ओसीआयने पोरीचं राहणं कायदेशीर करा, 5(4) चा विचार त्यानंतर.

भावोजी. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, 2025 लागू झाला आणि 1946 चा फॉरिनर्स ॲक्ट इतिहासजमा झाला. जुन्या कायद्यात मुदतीपलीकडे राहण्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. नव्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर शिक्षा कमी झाली, पण प्रत्यक्षात पकड घट्ट झाली आहे. परदेशी माणसाला खोली देणाऱ्याने चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवायचं हे आधीपासून होतं. आता इस्पितळं आणि शिक्षणसंस्थांवरही माहिती द्यायची जबाबदारी कायद्यातच घातली आहे. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, ते दिवस सरले.

पकडतील का? पकडू शकतात. म्हापशात 2019 पासून परदेशींसाठी स्थानबद्धता केंद्र आहे आणि परत पाठवण्याची वाट बघणारे लोक तिथे ठेवले जातात. पण तपासणीत सापडलेला माणूस आणि वकिलाबरोबर स्वतःहून कागद घेऊन आलेला माणूस, यांच्याकडे बघण्याच्या नजरेत फरक पडतो, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते. स्वतःहून गेल्यास बहुतेक प्रकरणं दंडावर निभावतात. गुन्हा नोंदला गेला तर मात्र खटला संपेपर्यंत देश सोडायचीही परवानगी मिळत नाही. असे लोक माझ्याकडे येतात: राहायला परवाना नाही, जायलाही परवाना नाही, काम करायची मुभा नाही, आणि तारखा पडताहेत.

"पण ते इतकी वर्षं इथे आहेत, बायकामुलं इथे आहेत" हे दयेसाठी सांगा, हक्क म्हणून सांगू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या हान्स म्युलर खटल्यापासून सांगितलंय की परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. 1991 च्या लुई डी रेड्ट खटल्यातला बेल्जियन मिशनरी तर 1937 पासून इथे होता. त्याच्या जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण न्यायालयाने मान्य केलं, पण भारतात राहण्याचा हक्क नागरिकांनाच आहे असं स्पष्ट केलं. आणि "मी परदेशी नाही" किंवा "माझे कागद बरोबर आहेत" हे सिद्ध करायचं ओझं परदेशी म्हणवल्या गेलेल्या माणसावरच असतं. जुन्या कायद्यात ते कलम 9 मध्ये होतं, नव्यातही कायम आहे.

आता त्यांच्यापुढे वाटा दोनच. पहिली, इथेच राहून ई-एफआरआरओवर अर्ज करायचा: मुदतबाह्य राहिल्याची कबुली, दंड भरायची तयारी, आणि भारतीय नागरिकाशी लग्न झालेलं असल्यामुळे पर्यटक व्हिसाचं एंट्री व्हिसात, म्हणजे एक्स व्हिसात, रूपांतर करून द्यावं अशी विनंती. लग्नाच्या कारणाने असं रूपांतर होतं. वर्षानुवर्षं मुदत ओलांडलेल्यासाठी ते होईलच असं मी म्हणणार नाही, पण नोंदलेलं लग्न आणि दोन लहान मुलं असताना न मागणं हा मूर्खपणा ठरेल. दुसरी वाट, एक्झिट परमिट घेऊन, दंड भरून जाणं. यातला धोका काळ्या यादीचा. नाव एकदा त्यात गेलं की काही वर्षं व्हिसा मिळत नाही, आणि यादीत घातल्याचं पत्र घरी येईलच असं नाही. पुढचा व्हिसा नाकारला गेला की कळतं. म्हणून जाण्याआधी लेखी निवेदन देऊन ठेवायचं की पत्नी आणि मुलं भारतात आहेत, स्वेच्छेने हजर झालो, काळ्या यादीत घालू नये. ते निवेदन फाइलवर असलं तर नंतर दाद मागायला आधार राहतो.

भावोजींना ओसीआय? भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर, ते मागता येतं. त्यात सुरक्षा तपासणी असते आणि मुदत ओलांडल्याचा इतिहास तिथे दिसणार. आधी वैध व्हिसा, मग दोनेक वर्षं सरळ वागणूक, मग हा अर्ज. आणि भारतीय नागरिकत्व? बायकोच्या नात्याने ते सात वर्षं इथे राहिल्यावर मागता येतं, पण "अवैध स्थलांतरित नसलेल्या" माणसालाच. आत्ताची वर्षं त्यात धरली जाणार नाहीत.

गोव्यात आणखी एक चौकशी केल्याशिवाय मी असं प्रकरण हातात घेत नाही. ताईचे पोर्तुगीज कागद कधी झाले होते का? आजोबा 1961 आधीचे म्हणून कुणी लिस्बनला जन्म नोंदवून ठेवलाय का, तिथलं ओळखपत्र किंवा पासपोर्ट काढलाय का? मुक्तीनंतर 1962 च्या नागरिकत्व आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक झाले. पण ज्यांनी पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला त्यांचं भारतीय नागरिकत्व नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 खाली त्याच क्षणी संपतं, इथला पासपोर्ट खिशात असला तरी. नुसती जन्मनोंदणी आणि प्रत्यक्ष पासपोर्ट यांत किती अंतर मानायचं यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. ताईने मुलांच्या जन्माआधी असं काही केलेलं असेल तर भाच्याची वर मांडलेली सगळी बाजू कोसळते, कारण मग जन्माच्या दिवशी आईबापांपैकी कुणीच भारतीय नव्हतं. बार्देश-पेडण्यात अशी गोष्ट मामाने गुपचूप करून ठेवलेली मी पाहिली आहे. रागावू नका, पण विचारा.

तुम्ही शेवटी विचारलंत की अमेरिकेत असा प्रकार झाला असता तर मुलं आपोआप अमेरिकन झाली असती ना. तिथे 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मभूमी हाच निकष धरला आणि 1898 च्या वाँग किम आर्क निकालाने तो पक्का केला. जानेवारी 2025 मध्ये अध्यक्षांनी तो आदेशाने आखडायचा प्रयत्न केला आणि न्यायालयांनी तो अडवला. पण तिथेही पोर नागरिक झालं म्हणून बापाचा मुक्काम वैध होत नाही. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडला तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा अधिक राहिला तर दहा वर्षं. आणि मुलाला आईबापांसाठी अर्ज करता येतो तो एकवीस वर्षांचं झाल्यावर. इंग्लंडने तर 1 जानेवारी 1983 पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलं. तिथल्या स्विंडनला पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या आपल्या लोकांनी याचा अनुभव घेतला आहे: तिथे जन्मलेलं मूल ब्रिटिश ठरायला आईबापांपैकी एकाला कायमच्या वास्तव्याचा दर्जा मिळालेला असावा लागतो.

कामाचा क्रम माझ्या मते असा. ताईच्या पोर्तुगीज कागदांची खात्री. मग भाचीचा ब्रिटिश पासपोर्ट. तो येईपर्यंत भाच्याचं निवेदन तयार. आणि भावोजींचा अर्ज भाचीच्या अर्जाबरोबरच, एकाच दिवशी, म्हणजे फाइल बघणाऱ्याला घर एकत्र दिसतं.

भावोजींचा ब्रिटिश पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. तो संपत आला असेल तर नवा काढताना जुना परत पाठवावा लागतो. त्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांसकट, रंगीत प्रत काढून ती नोटरीकडून साक्षांकित करून घ्या. जानेवारी 2020 चा आगमनाचा शिक्का त्या पासपोर्टवर आहे. ते मार्च 2020 च्या आधी भारतात आले हे दाखवायला याहून भक्कम कागद भाच्याच्या फाइलमध्ये दुसरा असणार नाही.